बोंद्र्यांची धूळबंद पेटी

माणसाची खरी पारख त्याच्या घराच्या फाटकावरून होते, असं आमचे शेजारी वसंतराव बोंद्रे मानतात. फाटकावरचा गंज हा मुळात घरमालकाच्या मनावरचा गंज असतो, हे ते समोरच्याच्या फाटकाला नख लावून, अगदी शांतपणे सांगतात. माझं फाटक त्यांनी गेल्या उन्हाळ्यात गंज काढून देतो म्हणून बिजागऱ्यांसकट उचलून नेलं. ते अजून परत आलेलं नाही. तेव्हापासून माझी पारख स्थगित आहे, आणि कर्वेनगरातली कुत्री विचारविनिमयासाठी आमच्या अंगणात जमतात.

बोंद्रे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त झाले, तरी तास घ्यायची सवय गेली नाही. गंज हा त्यांचा शत्रू आहे असं लोक म्हणतात. मला तो त्यांच्या वर्गात उरलेला एकमेव विद्यार्थी वाटतो. कुणाच्याही घरी गेले की बेल दाबायच्या आधी ते कडी हलवून पाहतात. मंगल कार्यालयात जेवायला बसले की पानाआधी खुर्चीचे पाय बघतात. एकदा आम्ही एका आजारी गृहस्थांना भेटायला गेलो होतो. घरातले सगळे अंथरुणाभोवती जमलेले. तेवढ्यात बोंद्रे खिडकीच्या गजांवर नजर रोखून म्हणाले, "अजून वाचतील. पण उशीर करू नका." घरच्यांना फार धीर आला.

त्यांच्या बंगलीच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. ती बाहेर उन्हात उभी असते. आत जुनी कुलपं, शिलाई मशिनचे पाय, सायकलींचे सांगाडे, एक बंब आणि माझं फाटक. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर घेऊन बोंद्रे रोज सकाळी या संसाराला भिडायचे. मी त्या वेळी कामावर असायचो, पण संध्याकाळी घरी आलो की आमच्या तुळशीवर तांबूस पावडर दिसायची. एवढ्यावरून दिवसभराची प्रगती कळायची.

मग हिवाळ्यात शैलावहिनींचा, म्हणजे सौ. बोंद्र्यांचा, खोकला वाढला. दम्याचं निदान झालं. घरात काय काय उडतं, असं डॉक्टरांनी विचारलं आणि गॅरेजचं वर्णन ऐकून पेन खाली ठेवलं. वहिनींनी गॅरेजच्या आसपासही फिरकायचं नाही, आणि बोंद्र्यांनी आपलं घासकाम खाली न करता गच्चीवर करावं, असा निकाल लागला. मला तो उदार वाटला. बोंद्र्यांनी मात्र त्याच दिवशी ब्रश खुंटीला टांगला आणि गच्चीचं नाव काढलं की म्हणू लागले, "मुद्दा तो नाही."

हे त्यांचं लाडकं वाक्य. मुद्दा कुठला, हे ते सांगत नाहीत.

पुढे काही आठवडे ते गॅरेजमध्ये हातात एखादी बिजागरी घेऊन नुसते बसलेले दिसायचे. मग एके दिवशी त्यांनी मला बोलावून घोषणा केली की धूळच बाहेर येऊ न देणारी व्यवस्था जगात अस्तित्वात आहे आणि ती गॅरेजमध्ये येणार आहे. सँडब्लास्टिंगची पेटी. लोखंडी कपाटासारखी बंद पेटी, समोर काच, काचेखाली दोन भोकं आणि त्यांत आतल्या बाजूला लोंबणारे लांब रबरी हातमोजे. वस्तू आत ठेवायची, दार लावायचं, मोज्यांत हात घालायचे आणि आतल्या पिचकारीतून दाबाच्या हवेबरोबर बारीक कण वस्तूवर सोडायचे. गंज जागीच उडतो, आणि एक नळी आतली धूळ ओढून फिल्टरमध्ये नेते.

"माझं फाटक मावेल त्यात?" मी विचारलं.

"मुद्दा तो नाही."

फाटक मावणार नव्हतंच. घरगुती पेट्यांतल्या सर्वांत मोठीत जेमतेम गॅसचं सिलिंडर आडवं बसलं असतं. दुसरा कुणी आधी माप घेतो आणि मग पेटी निवडतो. बोंद्रे आत काय मावतं याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. बाहेर काय येतं, एवढंच विचारत होते.

बोहरी आळीतल्या अवजारांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार उत्साहाने दिवा किती लख्ख आणि काच किती जाड ते दाखवत होता. बोंद्र्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, पेटीच्या दारात धरलं, दार लावलं आणि तिकीट ओढलं. ते अलगद बाहेर आलं. दुसरी पेटी. तिकीट बाहेर. तिसऱ्या पेटीला दुकानदार म्हणाला, "सर, तुम्हाला तिजोरी हवीय का?" चौथ्या पेटीत तिकीट फाटलं, आणि बोंद्र्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा समाधान पाहिलं.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग दुकानदाराने सल्ला दिला की आत टाकायला नदीची वाळू चाळून घ्या, फुकटात काम होतं. बोंद्र्यांनी दुकानातच तास घेतला. वाळूत सिलिका असते, तिची फुटून झालेली धूळ डोळ्यांना दिसत नाही, ती छातीत जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. एकाने शंकाही विचारली. शेवटी दुकानदाराने मुकाट्याने काचेच्या बारीक मण्यांची गोणी काढून दिली.

टेम्पो आला, पेटी उतरली, कॉम्प्रेसर उतरला आणि मांडणीला सुरुवात झाली. दाबाच्या हवेत पाणी असतं आणि त्याने मण्यांचे भिजल्या साबुदाण्यासारखे गोळे होतात, म्हणून हवेच्या नळीवर पाणी अडवणारं भांडं बसलं. मग भर दुपारी गॅरेजचं शटर खाली ओढून, पेटीत दिवा लावून, फटींतून उजेड येतो का हे शोधायची कामगिरी माझ्यावर आली. मी गुडघ्यांवर बसून पेटीला प्रदक्षिणा घातली.

"बोंद्रे, इथे एक काजवा आहे."

ते सिलिकॉनची ट्यूब घेऊन धावले. असे बरेच काजवे मेले.

मग ओल्या पांढऱ्या रुमालांची परीक्षा. पेटी चालवायची आणि रुमालांवर धूळ बसते का ते पाहायचं. एक रुमाल त्यांनी पेटीवर ठेवला आणि बाकीचे सगळे कोपऱ्यातल्या एका जुन्या वेताच्या खुर्चीवर पसरले. पाठीवर, हातांवर, बैठकीवर. मी म्हटलं, अहो, तुम्ही इथे उभे राहणार, तर धूळ तिथली कशाला मोजताय? ते म्हणाले की ते मास्क लावणार आहेत. आणि अर्थातच, मुद्दा तो नव्हता.

पहिल्या दिवशी खुर्चीवरच्या रुमालावर फिकट करडी झाक आली. इतकी फिकट की मी ती हसण्यावारी नेली. बोंद्रे हसले नाहीत. त्यांनी पेटी पुन्हा उघडली, दाराची रबरी पट्टी बदलली, आणि मग त्यांना खरी चूक सापडली. काम थांबल्या थांबल्या ते दार उघडत होते. आतली धूळ ओढून व्हायच्या आत. आयुष्यभर प्रयोगशाळेत मुलांना घाई करू नका म्हणून ओरडलेला माणूस ताटकळायला विसरला होता.

दुसऱ्या परीक्षेला त्यांनी दार उघडायच्या आधी निवांत वाट पाहिली. मग खुर्चीवरचा रुमाल उचलून उजेडात नेला, भिंगाखाली धरला, उलटा करून पुन्हा धरला. पांढरा. माझाही श्वास सुटला, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बोंद्रे त्या खुर्चीतच खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. त्यांनी रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "आता शैलाला बसता येईल."

रुमाल घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांना आपल्या टेबलावर असा पुरावा प्रथमच मिळाला असावा. त्यांनी मास्क लावून, शटर उघडं ठेवून, थोडा वेळ बसायला हरकत नाही असं सांगितलं.

उलगडा मला वहिनींनी केला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी त्या बोंद्र्यांना सगळं वर्तमानपत्र वाचून दाखवतात. नोकरी होती तेव्हा दाढी करताना, नंतर गॅरेजमध्ये, त्या खुर्चीत बसून. ते घासत राहायचे आणि मधूनमधून मान हलवायचे.

"घरात वाचलं तर ह्यांचं लक्ष लागत नाही, भावजी. हाताला काही काम लागतं."

"मग गच्ची काय वाईट होती?"

"माझ्याने जिना चढवतो का आता?"

त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. वहिनी मास्क लावून खुर्चीत बसल्या. बोंद्र्यांनी आत एक बिजागरी ठेवली, दार लावलं, मोज्यांत हात घातले आणि पायाने कॉम्प्रेसर सुरू केला. वहिनींनी पेपर उघडला. त्या वाचत गेल्या, आणि त्यांनी पान उलटलं की काचेतून नजर न काढता बोंद्रे मान हलवत गेले. वहिनी एकदाही खोकल्या नाहीत. अग्रलेख संपला, छोट्या जाहिराती संपल्या, निधनवार्ताही संपल्या. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्यातला एकही शब्द कुणालाच ऐकू आला नाही.