नानांच्या खाटेवरच्या तबकड्या

पिक्चर ओळखण्यात मला हरवणारा माणूस अख्ख्या जळगाव जिल्ह्यात अजून जन्मायचाय! नायकाची नुसती चप्पल दाखवा, मी खलनायकाच्या मामाचं नाव सांगतो. म्हणून तर दर हिवाळ्यात भूपेंद्रच्या मळ्यातल्या भरीत पार्टीत आमचा खेळ रंगतो. समाधान आणि भूपेंद्र कॉम्प्युटरवर एखाद्या पिक्चरमधला सीन थ्रीडीत बनवतात, पडद्यावर लावतात आणि आम्ही तो ओळखायचा. बनवणाऱ्याने बोलायचं नाही, फक्त हातवारे करायचे. घरं सोडली तर दोघंही हौशी कलाकार! त्यांचा घोडा गाढवासारखा दिसतो आणि नायिका भूपेंद्रसारखी. तरी मी ओळखतोच.

यंदा पाहुणे होते. समाधानला वृषाली पसंत, वृषालीला समाधान पसंत. घोडं अडलं होतं तिच्या वडिलांपाशी, शिंदखेड्याच्या हिलाल नानांपाशी. "पोरगा दिनभर कॉम्प्युटरवर चित्रं फिरावस, हाई काय काम शे?" हा त्यांचा सवाल. घरांची मॉडेलं बनवून बिल्डरांना देणं हाही धंदा असतो, हे काही त्यांच्या गळी उतरेना. म्हणून समाधानने नाना आणि तिच्या आईला, नर्मदाबाईंना, मुद्दाम बोलावलं होतं.

मी तिकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत बसलो होतो. भाजून झाल्यावर पडद्यापाशी येतो, तर सीन लागलेला! एक अंगण, त्यात खाट, खाटेच्या वीतभर वर तरंगणाऱ्या पांढऱ्या चकत्या. मडक्यापाशी एक बाई, शेजारी एक म्हातारा. डोळ्यांत बुबुळं नाहीत आणि मिशी गालातून आरपार!

"थांबा, कुणी बोलू नका!" मी ओरडलो. "उडत्या तबकड्या! परग्रहवाल्यांचा पिक्चर!"

समाधानने जोरजोरात मान हलवली.

"नाही? मग हा म्हातारा भूत आहे! भुताचा पिक्चर!"

समाधानने गळ्यावरून आडवा हात फिरवला.

"गळा कापला! कुणी? या बाईने! बघा, हिचा हात मडक्यातून आरपार गेलाय. हडळच ही!"

समाधानने हात जोडले.

"मग मांत्रिक येतो!"

समाधानने डोकं धरलं.

"हडळ मांत्रिकाचं डोकं फोडते! आलं की नाही बरोबर?"

भूपेंद्रने मागून माझा शर्ट ओढला. "नवल, गप बस ना रे! पिक्चर नाही तो. नानांचं घर आहे, त्यांना दाखवायला बनवलंय!"

म्हणजे खेळ सुरूच झाला नव्हता! होणाऱ्या सासऱ्यांसमोर मला शिव्या घालता येईनात, म्हणून बिचारा समाधान खुणा करत होता. आणि मी त्याच्या सासूला हडळ ठरवून मोकळा! माझ्या तोंडामुळे दोस्ताचं लग्न मोडणार, या विचाराने मला खरंच रडू यायला लागलं.

"ह्या बिबड्या शेतस," नाना शांतपणे म्हणाले. "ज्वारीना पापड, वाळाले घालेल. आनि हाऊ भूत मी शे."

"नाना, भूत म्हणजे... चांगल्या घरचं भूत..."

तेवढ्यात नर्मदाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "सकायले तुम्ही अशाच दिसतस!"

नाना उठले. पडद्यापाशी जाऊन त्यांनी अंगणातल्या पायरीवर बोट ठेवलं. "हाई फुटेल फरशी तुले कशी माहीत?"

"वृषालीने फोटो पाठवले होते," समाधान चाचरत म्हणाला. "तुम्ही तिथं रोज ठेचकाळता म्हणाली. नवी पायरी कशी बसेल, तेही करून ठेवलंय."

त्याने बटण दाबलं. फुटकी फरशी गेली, रुंद, उतरती पायरी आली, कडेला धरायला दांडा. नानांनी पडद्यावरच्या त्या दांड्यावरून बोट फिरवलं.

"मंग हाई काम शे," ते म्हणाले. "बठ्ठं बराबर शे. फक्त मन्ही मिशी गालमाईन काढ. पोरगा पसंत शे!"

मळाभर टाळ्या! समाधानने मला मिठी मारली, पण जरा जोरातच. बरगड्या वाजल्या.

जेवताना नाना माझ्याशेजारी बसले. कळण्याच्या भाकरीवर स्वतःच्या हाताने भरीत वाढत त्यांनी समाधानला विचारलं, "हाऊ पोरगा काय करस? लगीन व्हयनं का याचं?"

"नाही नाना, अजून नाही!" मी ताठ बसत, केस नीट करत स्वतःच सांगून टाकलं. नानांना पुतण्या-भाच्या पुष्कळ आहेत, असं ऐकून होतो.

नानांनी मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"व्हई जाई, भाऊ. पहिले डोया तपासीसन चष्मा लई ये."