भालेरावबाबूंनी न फोडलेली मडकी

आमच्या शाळेचे क्लार्क भालेरावबाबू यांनी आजपर्यंत एकही मडकं फोडलेलं नाही. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा. तलवार घेऊन फिरायच्या गेममध्ये घराघरात मडकी मांडलेली असतात. ती फोडली की सोन्याची नाणी उडतात, नाण्यांतून चांगली तलवार येते आणि चांगल्या तलवारीनं राक्षस मरतो. सगळं जग असंच खेळतं. बाबू मात्र उंबऱ्यापर्यंत जातात, आत डोकावतात आणि मागे फिरतात.

"लोकाच्या घरात शिरून रांजण फोडायचे? आपल्याला न्हाई जमत, सर. सकाळी ती बाई पाणी कशात भरंल?"

त्यामुळे आठ महिने झाले तरी बाबूंच्या हातात सुरुवातीला मिळालेली लाकडी तलवारच आहे. तिनं त्यांनी एक बोराटी तेवढी तोडली, तीही वाटेत आडवी आली म्हणून.

मी ताडकळसला ह्याच हायस्कुलात गणित शिकवतो. गेम मीही खेळतो. खरं सांगायचं तर मी गेम खेळत नाही, संपवतो. पेपरचा गठ्ठा संपवावा तसा. बाबू ज्या गेममध्ये आठ महिने अडकलेत तो मी नऊ दिवसांत उडवला. चौदा राक्षस, सहा किल्ले, एक राजा. आपण कुणाला कमी नाही असं माझं पहिल्यापासून मत होतं आणि ते मत बाबूंनी धुळीला मिळवलं.

झालं असं. आमचा सगळा स्टाफ मधल्या सुट्टीत बाबूंच्या ऑफिसात डबा खातो, कारण शाळेतला एकमेव नीट चालणारा पंखा तिथं आहे. एकदा बोलता बोलता कळलं की बाबूंनीही जुना कॉम्प्युटर आणलाय आणि मी संपवलेला तोच गेम ते खेळतायत. मला वाटलं, चला, शेवटी जोडीदार मिळाला. मी घास खाली ठेवला आणि तिसऱ्या किल्ल्यावरच्या राक्षसाला डाव्या गुडघ्यात नेमके सात वार घालून कसा लोळवला, ते सांगायला लागलो. चौथ्या वाराला शिंदे मॅडम म्हणाल्या, "सर, कारळाची चटणी घ्या की."

मग बाबू हळूच म्हणाले, "मी काल त्या गावातल्या विहिरीवर गेल्तो."

सगळ्यांचे हात डब्यावर थांबले. हेडसरांचा तर भाकरीचा तुकडा तोंडाशी थांबला. "पानी हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय. पण लय खाली गेलंय. दोर पुरंना. कडंला एका बाईची घागर ठिवलेली हाय, बाई कुठं दिसंना."

"मग?" शिंदे मॅडम म्हणाल्या.

हे 'मग?' मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही. वर्गात मुलं म्हणत नाहीत, घरी बायको म्हणत नाही. बाबूंना मात्र रोज दहा-बारा मिळू लागले आणि माझ्या पोटात रोज दुखू लागलं.

बरं, त्यांच्या सांगण्यात काही घडत असतं म्हणावं, तर तेही नाही. मध्ये ते मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत होते. बाकीच्या मोटारी सुसाट निघून गेल्या आणि हे डाव्या बाजूनं, वळणावर हॉर्न देत, ताशी तीसनं. एका जागी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं समुद्र बघितला. शर्यत संपून पारितोषिक वाटप झालं तरी हे घाटातच. "कितवे आलात?" मी मुद्दाम विचारलं. "शेवटचा," बाबू म्हणाले, "पण रस्ता लय झ्याक होता, सर. एक खड्डा न्हाई." त्यावर जिंतूरच्या रस्त्यापासून सगळ्या जिल्ह्यातल्या रस्त्यांची चर्चा सुट्टी संपेपर्यंत रंगली आणि मी, त्या शर्यतीत पहिला आलेला माणूस, बोटं चाटत बसलो.

लाईट गेली तरी ह्या माणसाला फरक पडत नाही. चार तासांचा खेळ पुसला जातो, आपण असतो तर कीबोर्ड आपटला असता. बाबू म्हणतात, "परत चालत जायचं. जाताना डाव्या अंगाची झाडं बगितली व्हती, आता उजव्या अंगाची बगू." आणि सदान् कदा ते एकच पालुपद, "सावकाश. गाव बगायचं ऱ्हाऊन जाईल."

सगळ्यात कहर म्हणजे ती म्हातारी. त्या गावाच्या वेशीपाशी एक म्हातारी बसलेली असते. बाबू रोज तिच्याकडे जाऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे. राजाच्या शिपायांनी तिचा पोरगा धरून नेलाय. "काय सांगू बाबा, लेकरू नेलं माजं, ताटावरून उठवून नेलं," असं म्हणते म्हणे. बाबू तिच्या आवाजात सांगायचे. शिंदे मॅडम डोळे पुसायच्या. हेडसर तर कॉरिडॉरमध्ये गाठ पडली तरी विचारायचे, "बाबू, म्हातारीचं काय झालं?" शाळेची पटपडताळणी तोंडावर आलेली, आणि माणसाला काळजी गेममधल्या म्हातारीची!

मीही प्रयत्न करून पाहिला, खोटं कशाला बोलू. एक दिवस राक्षस बाजूला ठेवले आणि आवाज बाबूंसारखा हळू करून म्हणालो, "मीसुद्धा त्या विहिरीवर गेलो होतो."

"राहाट हाय का नुसती कप्पी?" हेडसरांनी लगेच विचारलं.

मला काय माहीत? मी त्या विहिरीवरून घोडा उडवला होता. मी काहीतरी पुटपुटलो. "कप्पी हाय, सर," बाबूंनी मला सांभाळून घेतलं. त्यांनी सांभाळून घेतलं याचा तर जास्तच राग आला.

आणि मग एका दिवशी माझा तोल गेला. बाबू सांगत होते की पुलापलीकडे शिपायांच्या छावणीत दिवे दिसतात, म्हातारीचा पोरगा तिकडंच असणार, आता दोन-चार दिवसांत पूल ओलांडायचा विचार हाय. शिंदे मॅडमनी हात जोडले. हेडसर म्हणाले, "जपून जावा." मी डब्याचं झाकण आपटलं.

"त्या म्हातारीला एकच वाक्य आहे," मी म्हणालो. "'माझ्या मुलाला पाहिलंत का?' बटण दाबा, तेच वाक्य. परत दाबा, परत तेच. ताटावरून उठवला वगैरे सगळं बाबूंच्या पदरचं आहे. मुलगा-बिलगा कुठं सापडत नाही. तुम्ही पूल ओलांडला की शिपाई येतात आणि सगळ्या गावाला आग लावतात. घरं जळतात, म्हातारीही जळते. मी गेम संपवलाय, मला माहीत आहे."

बाबूंनी डबा बंद केला, त्याला फडकं बांधलं. अर्धी भाकरी तशीच होती. "असं हाय व्हय," ते म्हणाले आणि हजेरीपट उघडून बसले.

दुसऱ्या दिवसापासून बाबू बोलेनासे झाले. म्हणजे कामाचं बोलत, पण गेमचं नाव काढत नसत. मला वाटलं होतं, आता मैदान मोकळं. मी चौथ्या किल्ल्याची गोष्ट काढली. हेडसर उठून हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. शिंदे मॅडम म्हणाल्या, "तुमाला काय गरज होती हो, सर?" आठ दिवसांत सगळे आपापल्या वर्गात डबा खायला लागले. पंख्याखाली बाबू आणि मी, दोघंच. ते खाली बघून जेवायचे. तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं की त्यांच्या डब्यात रोज पिठलंच असतं आणि भाकरी एका बाजूनं करपलेली असते.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सेवापुस्तकावर एक सही राहिली होती, ती सोमवारीही झाली असती. पण मला चैन पडत नव्हतं. बाबूंचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. दाराशी पोचलो तर आतून एक जाड आवाज आला.

"डाव्या अंगाला घे. सावकाश, सावकाश. म्होरं वळण असंल, हॉर्न दे."

मी आत डोकावलो. कॉम्प्युटरवर तो शर्यतीचा घाट होता. समोर स्टुलावर बाबू आणि त्यांना खेटून खुर्चीवर एक थोराड म्हातारा माणूस. डोळे उघडे, पण बघत होता भिंतीकडे. हे बाबूंचे थोरले भाऊ. जन्मभर एसटीवर ड्रायव्हर होते आणि साखरेच्या आजारात डोळे गेले, एवढं मी ऐकून होतो. बघितलं कधी नव्हतं.

"जय भीम सर, या की," बाबू दचकून उठले. "दादा, आमच्या शाळंतले सर आलेत. गेम संपिवतात ते."

दादांच्या मांडीवर स्टीलची परात होती. परातीत काळी माती थापलेली आणि मातीत हरभरे रोवलेले, ओळीनं, कुठं दाट, कुठं विरळ. त्यांची बोटं त्यावरून फिरत होती. "या, बसा," ते म्हणाले. "हे बगा आमचं गाव. हे लोहाराचं घर. हा चिंचोका लावलाय ती हीर. हितं काडी हाय तो पूल. आन् ही आमची म्हातारी." वेशीपाशी एकटाच एक हरभरा होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि जरा वेळ ठेवूनच बसले.

विहिरीत पाणी किती, घागर कुणाची, झाडं कुठल्या अंगाला, हे सगळे प्रश्न कुणाचे होते ते मला कळलं. मडकी फोडू न देणारा माणूसही हाच.

चहा करायला बाबू आत गेले. मी मागोमाग गेलो. माफी कशी मागतात याची मला सवय नाही, मी नुसताच ओट्यापाशी उभा राहिलो. बाबूच हळू आवाजात म्हणाले, "शाळंत सांगायचो ना सर, ती माजी तालीम असायची. तुमी लोक हसलात म्हंजे दादा हसंल. तुमी 'मग' म्हनला न्हाईत म्हंजे तिथं कायतरी ऱ्हायलं. संध्याकाळी दादाला सुदरून सांगायचो. दादाला आता भाईर न्यायला गेलं तर येत न्हाई. म्हनतो, ओळकीचा रस्ता दिसंना की जीव घाबरतो. ह्या गावात तेवढा फिरतो."

"आणि आग?"

"न्हाई सांगितलं." बाबूंनी गाळणी हातात घेतली आणि तशीच धरली. "दादा रोज मला म्हनायलाय, 'संजू, पूल कवा वलांडायचा?' मी कायतरी निमित्त काढायलोय. आता निमित्तं बी संपली, सर. एवढं एकच गाव हाय त्याला. ते कसं जाळू मी?"

गेम संपवणाऱ्या माणसाला कधीतरी आपल्या ज्ञानाचा उपयोग होतो, तो असा. मी म्हणालो, "बाबू, पूल ओलांडला नाही तर आग लागत नाही. कितीही दिवस थांबा, कितीही वर्षं. गाव तसंच राहतं."

"खरं?"

"मी सगळा गेम पाहिलाय. आणि लोहाराच्या मागून वर डोंगरात एक वाट जाते. त्या बाजूला कुणी जात नाही, कारण तिथं काहीच नाही. ना राक्षस, ना नाणी."

बाबूंचा चेहरा एकदम उजळला. "काईच न्हाई म्हंजे," त्यांनी विचारलं, "काय काय हाय?"

मी आठवायला लागलो. एक तळं होतं बहुतेक. मेंढरांचे वाडे. दोन-तीन वस्त्या. मी तिथून घोडा पळवत गेलो होतो, धड काही सांगता येईना. आठ महिने ज्या माणसावर मी जळत होतो, त्याला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं आणि तेही अर्धवट. मला स्वतःची लाज वाटली.

चहा घेऊन बाहेर आलो तर दादा म्हणाले, "सर, तुमचं घर कुठं हाय ह्या गावात?"

"मला नाही घर, दादा. मी वीस मिनिटांत गेलो तिथून."

"एवढ्या गावात घर न्हाई तुमाला?" त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी वाटीतून चाचपून एक हरभरा उचलला, मातीवर बोट फिरवत वेशीपाशी आले आणि म्हातारीच्या हरभऱ्याशेजारी तो दाबून बसवला. "ऱ्हावा हितं. आन् म्हातारीकडं जरा ध्यान ठिवा. एकली असती."

घरी येऊन मी गेम पहिल्यापासून सुरू केला. घोडा घेतला नाही. वेशीपर्यंत चालत गेलो आणि बटण दाबलं. "माझ्या मुलाला पाहिलंत का?" म्हातारी म्हणाली. परत दाबलं. तेच म्हणाली. मागे तिच्या घराचं दार उघडं होतं, आत डोकावलो आणि मागे फिरलो. बायको म्हणाली, "आज राक्षस न्हाईत वाटतं?"

सोमवारी मधल्या सुट्टीत बाबूंनी स्वतः सगळ्यांना बोलावून घेतलं. पंख्याखाली डबे उघडले. बाबूंनी सांगितलं की पूल ओलांडायचं सध्या रहित केलंय, डोंगराकडची वाट सापडलीय, वर मेंढरांचे वाडे हायेत म्हणतात. हेडसर पुढे सरकले. माझ्या पोटात दुखलंच. एका दिवसात जायची ती सवय नाही.

"ते ऱ्हाऊ द्या," शिंदे मॅडम म्हणाल्या. "म्हातारी कशी हाय?"

बाबूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बोट केलं. "सरांना इचारा. शेजारी ऱ्हातात ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौदा राक्षस मारलेला माणूस मी, डब्याचं झाकण लावलं आणि परत काढलं.

"बरी आहे," मी म्हणालो. "रांजण भरलेला होता तिचा. काठोकाठ. वर झाकण ठेवून पेला उपडा घातला होता."

हेडसरांचा हात डब्यावर थांबला.

"मग?" त्यांनी विचारलं.