बाकामागच्या दोन खुर्च्या

फुटबॉल क्लबचं पत्र नेव्हिलने आधी उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा त्याला वाटलं, चष्म्यातच काहीतरी घोळ आहे. ब्रॅकनशॉ रोव्हर्सने 'आपल्या लाडक्या कुटुंबीयांना' कळवलं होतं की मोसमाचा पास सव्वापाचशे पौंडांवरून आठशे दहावर जातो आहे. पासष्टीची सवलत आता पंचाहत्तरीला मिळेल. खाली सहीच्या जागी छापील बदाम होता, लाल रंगाचा.

"कुटुंबीय म्हणे," नेव्हिल बायकोला म्हणाला. "पॉलीन, तुझ्या भावाने कधी घरी जेवायला बोलावून ताटाचे पैसे मागितलेत का?"

"माझ्या भावाने कधी जेवायलाच बोलावलं नाही," पॉलीन म्हणाली.

नेव्हिलने आयुष्यभर बस चालवली आणि तेहेतीस वर्षं घरच्या मैदानावरच्या सामन्यांना तो एकाच खुर्चीत बसला. संघाचा मॅनेजर मैदानाकडेला ज्या बाकावर बसतो, त्याच्या बरोब्बर मागे. शेजारी तेहेतीस वर्षं डेरिक. संघ दोनदा खालच्या गटात घसरला तेव्हा दोघे एकमेकांच्या खांद्यावर रडले होते. नेव्हिलचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डेरिकने दोन महिने त्याच्या खुर्चीवर मफलर टाकून ठेवला आणि कुणाला टेकू दिलं नाही. आणि एवढं असून डेरिकचं आडनाव काय, तो राहतो कुठे, त्याचा फोन नंबर काय, हे नेव्हिलला ठाऊक नव्हतं. शनिवार आला की माणूस शेजारी असायचाच. त्याला फोन कशाला करायचा?

मोसमाच्या शेवटच्या सामन्याला दोघेही धुमसत होते.

"आठशे दहा," डेरिक म्हणाला. "आणि कशाचे? आपला गोली चेंडू बघितला की वाट सोडून उभा राहतो, त्याचे?"

"मी एक पेनी वाढवून देणार नाही."

"मीपण नाही. जो देईल तो डरपोक."

"हात मिळव."

हात मिळवला. भर मैदानात, छपन्न मिनिटं झालेली असताना, दोन म्हाताऱ्यांनी शपथ घेतली. त्यांच्या नादात तेवढ्यात झालेला एकुलता एक गोल बघायचा राहिला, पण तत्त्वासाठी माणूस काय काय सोसतो.

जून महिना नेव्हिल ताठ मानेने वावरला. जुलैत मान खाली आली. एका शनिवारी त्याने पॉलीनचं भांड्यांचं कपाट उंचीप्रमाणे लावलं. पुढच्या शनिवारी मसाल्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्या शनिवारी तो पडद्यांकडे बघायला लागला, तेव्हा पॉलीनने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"नेव्हिल, जा, तो पास काढ. स्वयंपाकघराच्या फरशा पुढच्या वर्षी बसवू."

"मी शब्द दिलाय त्याला."

"कोणाला? ज्याचं आडनाव तुला माहीत नाही त्याला?"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नेव्हिलने क्लबला फोन लावला. आणि रिंग वाजत असताना त्याला टीव्ही आठवला. शनिवारी रात्री टीव्हीवर सामन्याच्या झलकी दाखवतात. मॅनेजर बाकावरून ओरडायला उठला की कॅमेरा त्याच्यावर जातो, आणि मॅनेजरच्या मागे कोण दिसतं? नेव्हिल. तेहेतीस वर्षं दिसत आलेला. बिचारा डेरिक घरी बसून झलकी बघणार आणि त्याच्या देखत हा डरपोक मॅनेजरच्या खांद्यावरून टाळ्या वाजवणार.

"मला समोरच्या बाजूला बसवता येईल का?" त्याने फोनवरच्या मुलीला विचारलं. "जिथे कॅमेरा पोचत नाही अशी जागा?"

"जागा बदलायचे चाळीस पौंड, सर. आणि ती बाजू साठ पौंडांनी महाग आहे."

"खांबामागे?"

"खांबामागेसुद्धा."

नऊशे दहा पौंड गेले. तोंड लपवायचेसुद्धा पैसे घेतात हो हे लोक.

ऑगस्टमध्ये पहिल्या सामन्याला नेव्हिल भुवयांपर्यंत टोपी ओढून मागल्या फाटकाने आत शिरला. खांब अगदी नाकासमोर होता. डावीकडून वाकलं की एक गोलपोस्ट दिसायचा, उजवीकडून दुसरा. पण मैदानापलीकडे बाकामागच्या त्या दोन खुर्च्या मात्र लख्ख दिसत होत्या. दोन्ही रिकाम्या. डेरिक आला नव्हता. शब्दाचा पक्का माणूस, नेव्हिल मनात म्हणाला, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आपल्या संघाने गोल केला तेव्हा तो उठलासुद्धा नाही.

मध्यंतरात तो चहाच्या रांगेत उभा राहिला. पुढचा माणूस कॉलर कानापर्यंत चढवून काऊंटरवरच्या पोरीला सांगत होता, "चार चमचे साखर. आणि ढवळू नकोस बरं का, मला ती तळाला लागते."

असा चहा पिणारा माणूस इंग्लंडमध्ये एकच होता.

"डेरिक," नेव्हिल म्हणाला.

माणूस वळला. मग त्याने हळूच कॉलर खाली केली.

"झलकी," डेरिक म्हणाला.

"झलकी," नेव्हिल म्हणाला.

"मला वाटलं, तू घरी बसून बघशील. तुला तोंड कसं दाखवू?"

"तुझी खुर्ची कुठली?"

"खालच्या कोपऱ्यातली. निम्मा वेळ झेंडाच दिसतो. तुझी?"

"खांबामागे. शेजारी एकत्र घेऊ या का दोन?"

"मी जागा बदलायचं विचारून आलोय. पुन्हा चाळीस. माणशी."

दोघे कठड्याला टेकले. समोर जुन्या खुर्च्या अजून रिकाम्याच होत्या. नेव्हिलला आता कळेना की मग त्या पडल्यात कोणासाठी. डेरिकने बोलता बोलता खिशातून सामन्याचं पुस्तिकावजा माहितीपत्रक काढलं, मधलं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिलं.

पानभर रंगीत जाहिरात होती. 'खऱ्या चाहत्यांच्या खुर्चीत बसा! बाकामागची खास जागा, जेवण व वाइनसह, एका सामन्याला दोनशे वीस पौंड.' आणि फोटो होता तो गेल्या डिसेंबरातला. नेव्हिल आणि डेरिक, गळ्यात गळे, तोंडं उघडी, डोळे मिटलेले.

"ज्यांनी घेतल्या ते कुठायत?" नेव्हिलने विचारलं.

डेरिकने वरच्या काचेकडे बोट केलं. आत माणसं पाठमोरी बसून जेवत होती.

भोंग्यावरून निवेदक सांगत होता की एकूण एक पास विकला गेला, दरांना आपण दाखवलेल्या पसंतीबद्दल कुटुंबीयांचे आभार. नेव्हिलने पान नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"पुढच्या वर्षी मात्र एक पेनी नाही," डेरिक म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

नेव्हिलने दोन्ही हात खिशात घातले.

"हात नको, लेका. मागचा शंभर पौंडांना पडला," तो म्हणाला. "फोन नंबर दे."