दुसरा आणि तिसरा मजला यांच्यामधलं कार्यालय

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा की तुम्ही वर्गात आपापल्या बाकावर बसला आहात. बाईंनी हजेरी घेतली, तुम्ही "हजर" म्हणालात, आणि बाई म्हणाल्या, "तू हजर आहेस हे मला दिसतंय. पण हजेरीपटावरचं मूल कुठे आहे? त्याला घेऊन ये, मग तुला बसू देते." आता तुम्ही काय कराल? हसाल, रडाल की घरी जाल? एवढ्यात ठरवू नका. आधी भिंगरीच्या आत्याचं काय झालं ते ऐका.

भिंगरी नऊ वर्षांची. तिचा पाय एका जागी ठरत नाही, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव. तिची आत्या लिफ्ट दुरुस्त करते. शहरातल्या सदतीस इमारतींच्या लिफ्ट तिच्या हाताखालून जातात. नुसत्या आवाजावरून ती सांगते, कुठल्या लिफ्टचा ब्रेक घासतोय आणि कुठलीला फक्त तेल हवंय. आत्या जन्मली तेव्हा कागदावर तिला मुलाचं नाव लागलं आणि त्यापुढच्या चौकटीत 'पुरुष' असं लिहिलं गेलं. तिला ते कधीच बसलं नाही. पस्तीस वर्षं तिने ते घट्ट बुटासारखं चालवून घेतलं. मग एके दिवशी काढून ठेवलं, स्वतःसाठी छानसं नाव निवडलं आणि घरी सांगून टाकलं. आजीला ते पचायला चार दिवस लागले, शेजाऱ्यांना दोन आठवडे. भिंगरीला एक शिंक येऊन जाण्याइतका वेळ लागला. "म्हणजे आता काका नाही, आत्या म्हणायचं? बरं. आत्या, माझ्या सायकलची चेन पडलीये."

कार्यालयाला मात्र अकरा महिने झाले होते आणि पचनक्रिया अजून चालूच होती.

घाई होती ती परवान्याची. लिफ्टला हात लावायचा तर परवाना लागतो. आत्याचा परवाना जुन्या नावावर होता आणि त्याची मुदत आज संध्याकाळी पाच वाजता संपत होती. नवा परवाना पहिल्या मजल्यावर मिळे, पण त्यासाठी आधी तिसऱ्या मजल्यावरचा नावबदलाचा आदेश हवा. आदेश नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर उद्यापासून सदतीस लिफ्ट दुसऱ्या कुणाच्या आणि आत्या घरी.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत जे कारकून बसत ते वाईट माणूस मुळीच नव्हते. त्यांचं नियमांवर प्रेम होतं, इतकंच. पहिल्याच दिवशी त्यांनी अर्ज परत केला होता.

"अर्जदार म्हणून तुम्ही नवं नाव लिहिलंय. या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही."

"म्हणून तर अर्ज केलाय."

"अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीचा अर्ज आम्हाला घेता येत नाही."

आत्याने जुन्या नावाने अर्ज केला. कारकुनांनी अर्ज पाहिला, मग चष्मा पुसून तिच्याकडे पाहिलं.

"हे गृहस्थ कुठे आहेत? नाव त्यांचं बदलायचं, तर त्यांची हरकत नाही असं त्यांनी समक्ष येऊन सांगायला हवं."

"ते गृहस्थ म्हणजे मीच."

"बाई, तुम्ही गृहस्थ दिसत नाही."

अकरा महिन्यांत कार्यालयाने तिला 'बाई' म्हटलं ते या एकाच वेळी, आणि तेसुद्धा अर्ज नाकारण्यासाठी.

गृहस्थ समक्ष येत नाहीत, अर्थात ते बेपत्ता आहेत. आणि बेपत्ता आहेत तर पोलिसांचा तसा दाखला हवा. आत्या चौकीत गेली. तिथल्या हवालदारांनी तिला खुर्ची दिली.

"शेवटचे कुठे दिसले होते?"

"आमच्या घरच्या आरशात."

"मनःस्थिती?"

"उदास असायचे."

हवालदारांनी सगळं लिहून घेतलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि हळूच विचारलं, "सापडले तर आणू का?"

"नका हो," आत्या म्हणाली. "असतील तिथे सुखी असू देत."

असे एकेक करून सगळे कागद जमले. आज राहिली होती फक्त साहेबांची सही आणि तिच्यावर खिडकीतला शिक्का. साहेब चौथ्या मजल्यावर बसत आणि तीननंतर सह्या करत. भिंगरीच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तीही आत्याचा हात धरून तिसऱ्या मजल्यावरच्या रांगेत उभी होती. मागे एक मिशीवाले काका होते. मिशी अशी, की बूट पुसायला चालली असती.

"असल्या भानगडींमुळे रांग अडते," काका सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या वेळी माणसाला एक नाव मिळायचं. ते तो मरेपर्यंत निमूट वापरायचा." रांगेने माना डोलावल्या. रांगेत उभं राहिलं की मान आपोआप डोलते.

सव्वातीनला साहेब जेवून आले. त्यांचा गुडघा दुखरा, त्यामुळे ते जिना चढत नसत. खाली लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, लिफ्ट कण्हत वर निघाली आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये खट्टकन थांबली.

शिपाई धावला. लिफ्टमध्ये लिहिलेला नंबर त्याला पाठ होता. त्याने तो फिरवला, आणि तीन पावलांवर आत्याच्या पिशवीत फोन वाजला.

"हॅलो! आमची लिफ्ट अडकलीये, साहेब आत आहेत, मेकॅनिक ताबडतोब पाठवा!"

"मागे वळा," आत्या म्हणाली.

ती हत्यारांची पिशवी उचलून निघालीच होती, तोच खिडकीतून हात बाहेर आला. "परवाना?"

आत्याने दिला. कारकुनांनी वाचला. "हा त्या गृहस्थांचा आहे. त्यांना येऊ द्या."

"ते बेपत्ता आहेत. दाखला तुमच्याच फाईलमध्ये आहे, पान नऊ."

कारकुनांनी पान नऊ काढलं. "खरंच की," ते म्हणाले. "मग फारच अवघड झालं."

एव्हाना सगळी रांग लिफ्टपाशी जमली होती. जुन्या पद्धतीचं जाळीचं दार. त्यातून साहेबांचं डोकं तेवढं दिसत होतं, तेही बरोबर फरशीच्या उंचीला. साहेबांशी बोलायचं तर सगळ्यांना उकिडवं बसावं लागे. साहेबांनाही एवढ्या चपला एकदम पाहायची सवय नव्हती.

"अरे, उघडा कुणीतरी!"

"साहेब, परिपत्रक आपलंच आहे," कारकून उकिडवे बसत म्हणाले. "परवानाधारकाखेरीज कुणीही लिफ्टला हात लावू नये."

"मग परवानाधारकाला बोलवा!"

"ते नि या बाई एकच, असा आदेश निघाला तर ते सापडतील. आदेशावर आपली सही हवी."

"आणा इकडे, करतो!"

"साहेब, सही कार्यालयातच करावी लागते. आपण आत्ता कार्यालयात नाही. आपण वाटेत आहात."

आतून एक अस्पष्ट आवाज आला. तो शासकीय भाषेतला नव्हता, म्हणून त्याची नोंद झाली नाही.

भिंगरीने कारकुनांच्या शेजारी बैठक मारली. "कार्यालय म्हणजे काय हो?"

"जिथे बसून साहेब काम करतात ती जागा."

"मग साहेब खाली बसले तर?"

कारकून बघतच राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं सुंदर काही सुचलं नव्हतं. त्यांनी साहेबांना खाली बसण्याची विनंती केली. साहेब गुडघा धरून बसले. शिपायाने जाळीला पाटी बांधली: 'तात्पुरते कार्यालय. मुक्काम दुसरा व तिसरा मजला यांच्या दरम्यान.' आत्याची फाईल जाळीतून खाली गेली. अकरा महिने जिच्यावरची धूळ हलली नव्हती, ती फाईल अकरा सेकंदांत सही होऊन वर आली.

ते पाहिलं मात्र, रांगेला कंठ फुटला. आणखी तीन फायली जाळीतून गेल्या आणि सही होऊन आल्या. एक आजोबा आत्याच्या कानाशी लागले. "ताई, जरा सावकाश करा हं. घाई काय आहे? हवा आहे आत."

पण लिफ्टमध्ये माणूस असताना आत्या सावकाश काम करत नाही. ती गच्चीवरच्या खोलीत गेली, वीज तोडली, ब्रेक सैल केला आणि मोठं चाक हाताने फिरवत लिफ्ट बोटाबोटाने तिसऱ्या मजल्याला आणली. खाली येऊन दार उघडलं, साहेबांना बाहेर काढलं, दाराचा ढिला झालेला खटका आवळला आणि वीज सुरू केली. पाचला अठरा मिनिटं कमी होती.

"साहेब, आता फक्त शिक्का," ती घाम पुसत म्हणाली.

साहेबांनी कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी घसा साफ केला.

"अडचण अशी आहे की ते तात्पुरतं कार्यालय आपण बाहेर पडताच बरखास्त झालं. तिथल्या सह्या तिथल्यापुरत्या. आता नव्याने उद्या."

"अहो, मग लिफ्ट उघडली कुणी?" आत्याने विचारलं.

"तशी नोंद केली आहे," कारकून म्हणाले. "अज्ञात इसमाने."

खिडकीची झडप खाली आली. साहेब म्हणाले, "उद्या या, बघू." आणि मुलांनो, मोठ्या माणसांनी काय केलं सांगू? सह्या झालेल्या तिघांनी आपापल्या फायली काखेत घातल्या, आजोबांनी उसासा टाकला, आणि सगळी रांग शहाण्यासारखी घरी जायला वळली. तुमच्या घरी जी शहाणी माणसं आहेत, त्यांनीही हेच केलं असतं. वाटल्यास विचारून बघा. आत्याने घड्याळाकडे पाहिलं आणि हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

भिंगरी लिफ्टमध्ये शिरली. एक पाय तिने दारात रोवला.

"साहेब, घरी चाललात ना? या, खाली सोडते."

साहेब दोन पावलं पुढे आले.

"लवकर या पण. पाचपर्यंत अडकलात तर आत्या काढेल. पाचनंतर तिच्याकडे परवाना नाही. मग अज्ञात इसम शोधावा लागेल, आणि तो कुठे राहतो ते कुणालाच माहीत नाही."

साहेबांनी लिफ्टकडे पाहिलं. जिन्याकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्याकडे.

"शिक्का काढा," ते म्हणाले.

"साहेब, कपाटाला कुलूप—"

"काढा!"

ठप्प! असा गोड आवाज त्या मजल्यावर कित्येक दिवसांत झाला नव्हता. कारकुनांनी आदेश आत्याच्या हातात दिला, त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचलं आणि कबूल करायलाच हवं, नीट वाचलं. आत्या जिन्याच्या दोन दोन पायऱ्या ओलांडत पहिल्या मजल्याकडे पळाली.

भिंगरीने पाय काढला नाही. जिन्यात वळलेली रांग पुन्हा सरळ झाली, आणि सगळ्यांना कोपराने सारत मिशीवाले काका पुढे आले. "बाळ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझंही एक आहे. अडीच वर्षं झाली."

भिंगरीने फाईल उघडली. काकांचा निवृत्तीचा कागद होता. कधीतरी, कुठल्यातरी कारकुनाची बरोबरची खूण एक चौकट सोडून पुढच्या चौकटीत पडली होती. नावापुढे स्वच्छ अक्षरांत छापलं होतं: 'स्त्री'. खाली शेरा होता: 'सदर महिलेने समक्ष हजर राहावे.' आता आपल्या कागदांवर काय लिहिलंय, हे आपल्यापैकी कुणी कधी वाचून पाहतं का?

भिंगरीने चौकट पाहिली. मग मिशी पाहिली. काकांचे कान लाल झाले होते.

"काय आहे हो त्यांचं?" मागून रांगेने माना लांब केल्या. "बघू तरी!"

भिंगरीने फाईल मिटली, कुणाला दिसू नये अशी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि लिफ्टच्या दारातूनच म्हणाली, "साहेब, हे आधी. यांना खूप दिवस झालेत."