पस्तिसाला दोन कमी

वाढोणकर सरांना सहामाहीत इंग्रजीत बासष्ट गुण मिळाले आणि त्यांनी दोन दिवस जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी परत नेला. सर तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. पेपर काढणारे तेच, सोडवणारे तेच आणि तपासणारेही तेच.

घाटंजीच्या आमच्या हायस्कुलात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कुणी हसत नसे. मी भूगोल शिकवायला नवा आलो होतो. मी हसलो.

"हसू नका मास्तर," सर म्हणाले. "निबंध नऊ शब्दांनी वाढला पोराचा. दोन जागी खाडाखोड. अक्षरबी घसरून राह्यलं."

पोराचा म्हणजे स्वतःचा.

त्यांची रीत अशी. परीक्षेच्या महिनाभर आधी पेपर काढायचा आणि ट्रंकेत टाकून कुलूप लावायचं, म्हणजे प्रश्न आपल्याला आठवणार नाहीत. परीक्षेच्या दिवशी पहारा दुसऱ्या कुणाकडे द्यायचा आणि आपण शेवटच्या बाकावर, पोरांच्या रांगेत, टाक-दौत घेऊन बसायचं. घंटा झाली की अर्ध्या वाक्यावर हात उचलायचा. मग आपला पेपर गठ्ठ्याच्या मधोमध सरकवायचा आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन तपासायला बसायचं. निकाल फळ्यावर लागे तेव्हा वर्गाच्या शेवटच्या नावाखाली 'वाढोणकर' हे नाव असायचंच. एकदा एका पालकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "हा वाढोणकर कोनाचा पोरगा? दर साली एकाच वर्गात दिसून राह्यला."

इंग्रजी, हिंदी आणि संस्कृत या तिन्ही भाषा सरांकडे होत्या, कारण शाळेला दुसरा माणूस परवडत नव्हता. वर्गात सर छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलत. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की त्यांची वऱ्हाडी सुरू. गुण वाढवून मागायला कुणी आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मी कोन देनार? कागद देते." पालक आला, सरपंच आला, खुद्द हेडमास्तर आले तरी तेच. कागद देते. मग समोरचा माणूस त्या कागदाकडे असा पाही, की जणू त्यालाच हात जोडावेत.

त्या दिवसांत भाषांचा नुसता बाजार भरला होता. मी घाटंजीतून एक दिवसही न हलता तीन राज्यांत नोकरी केली. रुजू झालो तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात. राज्य बदललं की परिपत्रक येई, आणि परिपत्रकाला पहिली आठवण भाषेची होई. हिंदी कितवीपासून, इंग्रजी कितवीपासून, कोणती सक्तीची, कोणती ऐच्छिक. एका तुकडीने पाचवीत एबीसीडी गिरवली, सहावीत ती बंद झाली आणि आठवीत पुन्हा पहिल्यापासून एबीसीडी आली. वर बसून हे ठरवणाऱ्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांची पोरं कोणत्या शाळेत जात होती, तेही मला कळलं नाही.

आयतू टेकाम त्याच तुकडीतला. तो कोलाम पोडावरचा. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, घाटंजीपासून सात-आठ मैलांवर, रानाच्या कडेला. आयतू इथे वसतिगृहात राहायचा. घरी कोलामी, बाजारात वऱ्हाडी, पुस्तकात पुण्याची मराठी, वर हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत. एका डोक्यात सहा भाषा, आणि त्यातल्या ज्या भाषेत तो रडला-हसला असेल, तिला गुणपत्रकावर रकानाच नव्हता. गणितात मात्र तो वर्गात पहिला. गणिताचे मास्तर म्हणायचे, या पोराला आकडा सांगावा लागत नाही, नुसता दाखवावा लागतो.

अकरावीत मॅट्रिकच्या आधी शाळेची चाचणी असे. तिच्यात प्रत्येक विषयात पस्तीस गुण पडले तरच बोर्डाचा फॉर्म भरला जाई. आयतूला इंग्रजीत तेहतीस पडले.

निकालाच्या बैठकीत सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. वसतिगृहात नापास मुलाला जागा मिळत नसे. म्हणजे फॉर्म गेला की जागा गेली, आणि जागा गेली की शाळाच संपली. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"दोनच गुण आहेत, वाढोणकर," हेडमास्तर म्हणाले.

"तीन खेपा तपासला," सर म्हणाले. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला. एकदा लाल, एकदा निळ्या आणि एकदा साध्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पानं पार गिचमिडून गेली होती. "कागद नाही देत."

"कागद कायले देईल? तुम्ही द्या ना," गणिताचे मास्तर चिडले.

"म्यां देल्ले त थे खोटे होईन. आज पोरगा खोटे दोन घेऊन जाईन आन् बोर्डात आपटीन. थ्या तपासनाऱ्याले थोडंच माहीत हाय का हा आयतू होय?"

मी काय केलं? मी चहा प्यायलो. त्याच चाचणीत एका जिनिंग कारखानावाल्याच्या चिरंजिवांचा भूगोलाचा पेपर होता. त्यांच्या नकाशात यवतमाळ समुद्रकाठी होतं. हेडमास्तरांनी नुसतं "बघा जरा" म्हटलं आणि मी नऊ गुण वाढवले होते. तेव्हा मला कागदाची आठवण झाली नाही. तत्त्वाचा माणूस म्हणून वाढोणकर सरांवर दात खायला मात्र मी सगळ्यांच्या पुढे होतो.

आयतू दुसऱ्या दिवशी वळकटी खांद्यावर टाकून गेला. जाताना सगळ्यांच्या पाया पडला. सरांच्याही पडला. सर म्हणाले, "पुढल्या साली बस बाबा." तो म्हणाला, "हो सर." दोघांनाही माहीत होतं की हे खरं नाही.

तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत सरांशी कुणी धड बोलेना. रविवारी तर ते गावात दिसतच नसत. कुणी म्हणे, म्हातारा यवतमाळला बहिणीकडे जातो. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, पोरबाळ नाही, म्हणजे जाणार तरी कुठे? आम्ही चौकशी केली नाही.

पावसाळा सरल्यावर मतदारयाद्यांचं काम आलं. ते कायम मास्तरांच्याच गळ्यात पडतं. माझ्या वाट्याला आयतूचा पोड आला. एका रविवारी सकाळी सायकल दामटत तिथे पोचलो, तर एका झोपडीच्या सावलीत वाढोणकर सर मांडी घालून बसलेले. मांडीवर वही. समोर आयतू बांबूच्या कांबी सोलत होता. बाजूला त्याची आई आणि दोन म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मला पाहून सर ओशाळले. "बसा मास्तर. परीक्षा चालू हाय. बोलू नका."

आयतूच्या आईकडून मला हळूहळू कळलं ते असं. सर आधी इंग्रजी शिकवायला आले होते. बाहेरून बसता येतं, फॉर्म मी भरतो म्हणाले. चार रविवार आले. आयतू ऐकेना. "मले आता एकबी भाषा नको सर, डोकं भरलं," एवढंच म्हणे. पाचव्या रविवारी सर म्हणाले, बरं, तुले नको त नको, मले तुही शिकव. तेव्हापासून दर रविवारी सात-आठ मैल सायकल मारून हा माणूस कोलामी शिकायला येत होता.

आज तोंडी परीक्षा होती. आयतू कांब सोलता सोलता एक एक वस्तू दाखवी, काही विचारी. सर डोळे मिटून उत्तर देत. म्हाताऱ्या हसल्या की सर समजत, की चुकलं. ते घामाघूम झाले होते. तीस वर्षं परीक्षा घेणारा माणूस शब्दाशब्दाला अडखळत होता. मला त्यांचं हसूही आलं आणि भडभडूनही आलं.

"झालं," आयतू म्हणाला.

"किती?"

आयतूने थोडा विचार केला. "पस्तीस."

सरांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "खरं सांग. मी मोजत होतो. इतके नाही भरत."

"खरे त तेहतीस भरले," आयतू म्हणाला. "दोन माह्याकडून."

तेहतीस खरोखर भरले होते की त्याने मुद्दाम तोच आकडा सांगितला, हे मला आजही माहीत नाही. त्याचा चेहरा कांबीकडे होता.

"म्यां मागतले होते का?"

"नाही मागतले." त्याने सोललेली कांब बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. "पन तुम्ही एवढ्या दुरून येता. दोन गुनानं माहं काय जाते सर?"

तो अगदी साधेपणाने बोलला. टोमणा असता तर बरं झालं असतं.

सरांनी वही मिटली. आयतूच्या आईने पाणी दिलं, ते प्यायले, तिला नमस्कार केला आणि निघाले. माझ्या यादीतली निम्मी नावं राहिली होती, ती मी तशीच टाकली. सायकली हातात धरून आम्ही चालत निघालो. नाल्यापाशी सर थांबले, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले. पुसून होईनात.

"त्याले देता आले," ते म्हणाले. "माह्यानं काहून नाही झालं?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "सर, नियम होता."

"नियम कोनाचा होता मास्तर?" सर म्हणाले. "माहाच त होता."