पळणाऱ्यांचं दुकान

बिरूअण्णा कुत्र्याला अहोजाहो करत आणि कुत्र्याच्या मालकाला अरेतुरे. एखाद्या जहागीरदाराचा कारभारी कारवानी कुत्रं घेऊन दुकानाच्या पायरीशी आला की अण्णा आधी कुत्र्यासाठी पोतं अंथरत. "या, बसा. लांबून आलाव. पानी घ्या." मग वर न बघताच कारभाऱ्याला, "तू कामून वाटंत हुबा ऱ्हायलास? हो की कडंला." कारभारी मुकाट्यानं कडेला होई. एरवी त्याच कारभाऱ्याला बघून अख्खा बाजार उठून उभा राहायचा.

तेव्हा आमच्याकडे निजामाचा अंमल होता. आळंदच्या बाजारात तुरीच्या आणि ज्वारीच्या अडतींच्या रांगेत माझं कापडाचं दुकान होतं आणि त्याला लागून अण्णांचं. अण्णांकडे फक्त कुत्र्यांच्या वस्तू मिळत. त्याही सगळ्या कुत्र्यांच्या नव्हेत. लांब तोंडाची, बारीक कंबरेची, ससा दिसला की कुणाचं न ऐकता सुटणारी कारवानी कुत्री आमच्या भागातले धनगर आणि पाटील पाळतात, फक्त त्यांच्या. या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक. साधा पट्टा घातला की ते दोन पावलं मागं सरकतं, मान काढून घेतं आणि पट्टा मालकाच्या हातात राहतो. म्हणून अण्णा चार बोटं रुंद, आतून मऊ लोकर लावलेला पट्टा करत. अंगावर चरबी नाही, केस तोकडे, त्यामुळे थंडीत ती कुडकुडतात. त्यासाठी घोंगडीची झूल. काट्यांनी फाटलेल्या पंजांना लावायला एरंडेल आणि मेणाचं मलम. झाली दुकानाची यादी. अण्णांचे वडील मेंढरं राखत आणि घोंगड्या विणत. मुलानं त्या घोंगड्या कुत्र्यांना नेसवल्या, म्हणून भाऊबंद बरीच वर्षं नाराज होते.

बैलासाठी घुंगरं मागायला कुणी आलं, तर अण्णांचं उत्तर ठरलेलं, "ह्ये दुकान पळणाऱ्याचं हाय. चरणाऱ्याचं म्होरल्या गल्लीत." मी म्हणायचो, अण्णा, चार घुंगरं ठेवलीत तर काय बिघडतं? आळंदला शिकारी कुत्री किती आणि बैल किती, याचा जरा विचार करा. त्यावर ते म्हणायचे, "तम्मा, तू कापड बघ." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. हे मला प्रेमानं म्हणत की गप्प बसवायला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा कचेरीतले एक पेशकार आपलं गुबगुबीत, केसाळ कुत्रं कडेवर घेऊन आले. पट्टा हवा होता. अण्णांनी त्या कुत्र्यालाही हात जोडले, पाणी पाजलं आणि पट्टा द्यायला नकार दिला. पेशकार भडकले, "क्यूँ, ये कुत्ता नै क्या?"

"कुत्ताच है साब. मगर बैठनेवाला है. ये दुकान दौड़नेवालों की है."

पेशकारांचं स्वतःचंही अंग जरा बैठकीचंच होतं. त्यांना वाटलं, आपल्यालाच बोलला. पुढं महिनाभर अण्णांच्या दुकानासमोरून जाताना ते तोंड फिरवून जात आणि येताना माझ्याकडे रागानं बघत. मी काय केलं होतं, देव जाणे!

अण्णांचा खरा मान होता तो त्यांच्या नजरेसाठी. बाजाराच्या दिवशी लोक पिल्लं घेऊन येत. अण्णा पिल्लाच्या पाठीवरून, बरगड्यांवरून, मागच्या पायांवरून हात फिरवत आणि निकाल सांगत. त्या निकालावर उमरग्यापासून हुमनाबादपर्यंत सौदे होत. एका पाटलानं आपल्या अधू पिल्लाची तारीफ करावी म्हणून त्यांना गळ घातली, तर अण्णांनी त्याला पायरी उतरायला लावली. मला म्हणाले, "मान्साबद्दल खोटं बोललं तर त्ये भांडाया तरी येतंय. मुकं जनावर कुठं सांगत फिरंल, मी तसं न्हाई म्हनून?"

इतकं सगळं असून अण्णांच्या घरी कुत्रं नव्हतं.

कारण गंगाक्का, त्यांची बायको. लहानपणी तिचा पाठचा भाऊ पिसाळलेलं कुत्रं चावून गेला. तिच्या डोळ्यांसमोर चावलं आणि तिच्या डोळ्यांसमोरच तो गेला. लग्न होऊन आली तेव्हा तिनं नवऱ्याकडे एवढं एकच मागितलं की घरात कुत्रं नको. अण्णांनी दिलेला शब्द पाळला. संध्याकाळी मागच्या दारानं जात, आडावर हातपाय धूत, धोतर बदलत आणि मगच घरात पाऊल टाकत. अक्का आमच्या बाजारगल्लीत कधी फिरकली नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी अण्णा तिला दिवसभरात आलेल्या कुत्र्यांच्या हकिगती सांगत. आमच्या घरांचीही भिंत एकच, त्यामुळे मलाही त्या ऐकाव्या लागत. कुत्र्याची भीती वाटणारी ती बाई सगळं ऐकून घेई आणि मधेच विचारी, "मंग त्या कडगंचीवाल्याचा पाय बरा झाला का?"

अण्णांना स्वतःचं एक कारवानी हवं होतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण शेजाऱ्याला सांगावं लागत नाही. कुत्रं निघून गेलं की अंथरलेलं पोतं ते लगेच उचलत नसत.

आणि एके दिवशी हळ्ळीखेडचे एक पाटील, ज्यांच्या कुत्रीचा फाटलेला पंजा अण्णांनी वाचवला होता, तिचं एक भुरं पिल्लू भेट म्हणून थेट घरीच घेऊन गेले. दार अक्कानं उघडलं. माझी बायको अंगणात होती, तिनं पाहिलं. अक्का भिंतीपर्यंत मागं सरली, पदर तोंडावर धरला आणि म्हणाली, "ठिवा. जल्मभर दुसऱ्याची कुरवाळत आलेत. आता येक घरचं आसू द्या."

अण्णांचं काय सांगू! दुसऱ्या दिवशी दुकानात आले ते नवरदेवासारखे. दोन बोटांचा चिमुकला पट्टा शिवायला घेतला. दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली, अण्णांना पत्ता नव्हता. "धाकले मालक," ते पिल्लाबद्दल म्हणाले, "लई इचारी हायत." मी मुद्दाम बघायला गेलो. मला कापडातलं कळतं, कुत्र्यातलं नाही, पण ते पिल्लू उभं राहिलं की बघतच राहावंसं वाटे.

आणि त्याच आठवड्याच्या बाजारी अण्णांनी ते पिल्लू कडगंचीच्या एका धनगराला देऊन टाकलं.

"छाती उथळ हाय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "पळणार न्हाई."

पाटलांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? ते तणतणत आले. त्यांच्या कुत्रीच्या वंशात उथळ छातीचं पिल्लू कधी निपजलं नव्हतं. त्यांनी धनगराला पिल्लासकट बोलावलं आणि भर बाजारात चार जाणत्यांना दाखवलं. छाती चांगलीच आहे म्हणून चौघांनी मान डोलावली. अण्णा खाली बघून लोकर पिंजत राहिले. त्या दिवसापासून बाजारात बोललं जाऊ लागलं की बिरूअण्णाची नजर गेली. पिल्लं दाखवायला येणारे कमी झाले, मग बंदच झाले. पट्टे, झुली खपत, पण निकाल विचारायला कुणी येईना. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हणालो, अण्णा, मला आंधळा समजता का? त्या पिल्लाची छाती चांगली होती!

"तम्मा," ते म्हणाले, "तू कापड बघ." यावेळी ते माझ्याकडे बघत नव्हते.

दिवाळीच्या तोंडावर मी नेहमीसारखा लुगड्यांचा गठ्ठा घेऊन अक्काकडे गेलो. ती बाजारात येत नसल्यानं दर सणाला मीच घरी कापड दाखवायला नेत असे. तिनं दोन लुगडी बाजूला काढली आणि एकाएकी विचारलं, "बाजारात काय म्हनायलेत रे ह्यायला?"

मी आणखी एक लुगडं उलगडून पुढं केलं. तीच बोलू लागली.

"त्ये पिल्लू आलं ना, मी बाजंवर बसून ऱ्हायची, पाय वर घेऊन. पर मी हसत व्हते बघ. तोंडभर हसत व्हते. म्हनलं, ह्यायला कळू द्यायचं न्हाई. त्या सांजच्याला त्यानं माझ्या बाजंवर हनुवटी टेकली, तरी मी हसतच व्हते." तिनं लुगड्याची घडी उगाचच सरळ केली. "पर ह्ये कुठं तोंड बघत्यात? जनावराचे पाय बघायची सवय. माझे पाय बघितले आसतील, कापत व्हते त्ये. दुसऱ्या दिशी छाती उथळ झाली त्या पिल्लाची!"

"म्हणजे अक्का, तुला माहीत आहे?"

"रोज सांजच्याला ऐकून ऐकून मला बी कळतंय की तम्मा. उभं ऱ्हायलं की छाती म्होरल्या पायाच्या कोपरापातूर यायची त्याची. लई गुनाचं व्हतं."

मी म्हणालो, मग अण्णांना सांग तरी, की तुला कळलंय म्हणून. बाजार हसतोय त्यांना. निदान घरात तरी त्यांना कुणी वेड्यात काढत नाही, एवढं त्यांना कळू दे.

अक्कानं मान हलवली.

"सांगू नको रे. तू बी सांगू नको. जल्मात येकच खोटं बोललेत त्ये माझ्यासाठी, त्ये बी जमलं न्हाई म्हनून कळलं तर लई लाजतील."