तिसऱ्या मीटरचं रीडिंग

आमचे घरमालक बसवंतअप्पा यांना 'कसं काय अप्पा, बरं आहे ना?' असं विचारलं, की ते 'चार हजार सातशे बारा' असं काहीतरी उत्तर देतात.

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारबांना कमी ऐकू येतं. म्हणून मी जरा मोठ्याने पुन्हा विचारलं. तेही जरा मोठ्याने म्हणाले, "चार हजार सातशे बारा. अन् तुमचं बाराशे सहा." म्हणजे माझीही तब्येत त्यांनी मलाच सांगितली. हे विजेच्या मीटरचे आकडे आहेत, हे कळायला मला आठवडा लागला. कालच्यापेक्षा दोन-तीनाने वाढलेला आकडा म्हणजे अप्पा मजेत. पाचाने वाढला, की त्या दिवशी त्यांच्याशी कामापुरतंच बोलावं.

लातूरला मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि अप्पांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. जिन्याखाली एक लाकडी फळी आहे आणि तिच्यावर तीन मीटर ठोकलेली आहेत. डावीकडचं अप्पांचं, मधलं आमचं आणि उजवीकडचं भिंतीपलीकडे राहणाऱ्या दादांचं. दादा म्हणजे अप्पांचे थोरले सख्खे भाऊ. रोज सकाळी सहाला अप्पा अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून या फळीसमोर उभे राहतात. हातात बॅटरी असते. नवख्या माणसाला वाटावं, इथे कुठल्या तरी देवाचं ठाणं आहे. तिन्ही मीटरवर बॅटरी फिरते. पण आकडे ते दोनच सांगतात. तिसरा आकडा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

चाळीस वर्षं अप्पा एका दाल मिलमध्ये मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री होते. मोटारीच्या आवाजावरून तिला काय झालंय ते सांगायचे, तसं आता मीटरवरून माणसाला काय झालंय ते सांगतात. "मॅडम, माहेरचे लोक आले वाटतं. दोन दिवसांत बारा युनिट." आमच्या ह्यांनी गुपचूप गिझर बसवला, तर तिसऱ्या दिवशी अप्पांनी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "लातूरच्या उन्हाळ्यात गरम पाणी कशाला लागून राहिलं हो तुम्हाला?"  गिझर आता नुसता शोभेला आहे.

त्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे 'हे कुणासाठी जळून राहिलंय?' रिकाम्या खोलीतला पंखा असो, दिवसाचा दिवा असो, टीव्हीचा लाल ठिपका असो, अप्पा हा प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता बटन बंद करतात. चहाला बोलावलं तर आमच्या घरातली निम्मी बटनं बंद करून जातात. एकदा माझ्या सासूबाई अंधारात दहा मिनिटं पोथी धरून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, लाईटच गेली.

या सगळ्याचा मला राग येत असे, खोटं कशाला बोला. पण एकदा तापाने मी घरीच पडून होते. कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी अप्पा तुळशीचा काढा घेऊन दारात उभे. म्हणाले, "दिवसा कधी तुमचं मीटर एवढं सरकत न्हाई. म्हणलं पंखा चालू हाय, म्हणजे बाई घरात हाय, म्हणजे बरं न्हाई." काढा कडू जहर होता. मी मुकाट्याने प्यायले. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागवायचं जरा कमी केलं.

फक्त एका दिव्यापुढे अप्पांचा इलाज चालत नसे. दादांच्या पुढच्या खोलीत शंभरचा जुना पिवळा बल्ब भर दिवसाही चालू असायचा. अप्पा ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत आणि पुटपुटत, "कुणासाठी जळून राहिलंय कुणास ठाऊक." पण ते बटन बंद करायला त्यांना जाता येत नव्हतं. दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

हे भांडण मला अप्पांनीच सांगितलं. आधी दोन्ही घरांना मिळून एकच मीटर होतं. एका उन्हाळ्यात बिल फार आलं आणि अप्पा चार लोकांसमोर ओट्यावर बोलून गेले, "दादा, तुझ्या कूलरपायी माझं घर बुडायचं एक दिवस." कूलर आजारी वहिनीसाठी घेतला होता.  महिन्याभरात दादांनी वेगळं मीटर घेतलं आणि बोलणं बंद केलं. पुढे वहिनी गेल्या, मग अप्पांची बायकोही गेली, दोघांची मुलं पुण्याला गेली. भिंतीच्या अलीकडे एक म्हातारा, पलीकडे एक म्हातारा, आणि जिन्याखाली शेजारी शेजारी दोघांची मीटरं. "माणसानं बिलावर बोलावं, कूलरवर बोलू न्हाई," एवढंच वर अप्पा म्हणाले होते.

तर या उन्हाळ्याच्या तोंडावर पेपरात जाहीर सूचना आली. वीज कंपनीने दर ठरवणाऱ्या आयोगाकडे दरवाढ मागितली होती. युनिटचा दर वाढणार होता आणि स्थिर आकारही वाढणार होता. स्थिर आकार म्हणजे एक युनिट जळो न जळो, मीटर भिंतीवर आहे म्हणून दरमहा द्यायचे ते पैसे. लोकांनी आपल्या हरकती पाठवाव्यात, आयोग सुनावणी घेईल, असं खाली लिहिलं होतं.

त्याच दिवशी भिंतीपलीकडून दादांचा आवाज आला. ते दूधवाल्याशी बोलत होते, पण आवाज दोन घरांना पुरेल एवढा होता. "स्थिर आकार वाढवला तर मीटरच काढून देतो म्हणावं त्यांना. एक बल्ब अन् एक पंखा. मला सोलरचा कंदील बस हाय."

अप्पा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपराची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. संध्याकाळी वर येऊन म्हणाले, "मॅडम, हरकत लिहायची हाय. तुमचं अक्षर चांगलंय."

मी उत्साहाने बसले. युनिटचा दर, गळती, इंधनाचा खर्च, असे माझ्याकडे आठ मुद्दे तयार होते. अप्पांनी आठही बाजूला सारले. "युनिटचा दर वाढवू द्या. फकस्त स्थिर आकार वाढवू नका, एवढंच लिहा." टीव्हीच्या लाल ठिपक्यापायी जीव खालीवर करणारा माणूस युनिटचा दर वाढवा म्हणतो, याचा मला अर्थच लागेना. शेवटी एका ओळीची हरकत गेली. वर अप्पांनी त्यांच्याकडचा नमस्कार म्हणून 'शरणार्थ' घातलं होतं, ते मी काढू म्हटलं तर काढू दिलं नाही.

मग अप्पांची झोप उडाली. दिवसातून तीनदा वर येत. "उत्तर आलं का? एका ओळीची म्हणून टोपलीत तर न्हाई टाकली? अन् मॅडम, आयोग म्हणजे किती माणसं असतात हो?" सकाळचे आकडे सांगतानाही चुकू लागले. एकदा मला माझ्या मीटरचा आकडा शंभराने जास्त सांगितला. मी धावत खाली येऊन स्वतः मीटर बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा रोग आता मलाही लागलाय.

सुनावणी व्हिडिओवर होती, म्हणजे आमच्या घरी. अप्पा धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि ताजी विभूती लावून तासभर आधी आले. आमचा क्रमांक एकतीस. कुठल्या तरी कारखान्याचे वकील बोलत होते ते थांबेनात. अप्पा हात मागे बांधून खोलीभर फिरत होते आणि ओठांतल्या ओठांत आपलं बोलणं घोकत होते. "हरकतदार क्रमांक एकतीस," असं ऐकू आलं आणि लॅपटॉपवरचे साहेब तोंड उघडं ठेवून तसेच थांबले.

मी टीव्हीमागे वाकून बघितलं. इंटरनेटच्या डबीचं बटन बंद होतं.

"अप्पा, हे तुम्ही बंद केलंत?"

"हिरवे दिवे लुकलुक करून राहिले होते. भर दिवसा. म्हणलं, कुणासाठी..." आणि ते मधेच थांबले. काय झालं ते त्यांना कळलं. सत्तरीचा माणूस परीक्षेत पेपर कोरा गेलेल्या मुलासारखा माझ्याकडे बघायला लागला. मी हसू आवरून मोबाईल शोधायला लागले.

मोबाईलवरून पुन्हा जोडणी केली तोवर चौतिसावा बोलत होता. मी विनंती लिहून पाठवली. साहेब भले होते. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी अप्पांना एक मिनिट दिलं.

अप्पांनी हात जोडले. "शरणार्थ साहेब. जळलं त्याचे पैसे घ्या, वाढवून घ्या. पर मीटर नुसतं भिंतीवर हाय त्याचा आकार वाढवू नका. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं जळतंय किती? तो म्हणून राहिला, मीटरच काढून न्या. मीटर गेलं तर मग त्याची खबर कशी लागायची?"

"कसली खबर?" साहेबांनी विचारलं.

अप्पांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "रातीतून हाय का गेला, त्याची."

तिकडे कुणी तरी घसा खाकरला. "नोंद घेतली आहे," असं म्हणून साहेबांनी सुनावणी संपवली. अप्पांनी टोपी काढून घाम पुसला, आमच्या पंख्याचं बटन बंद केलं आणि खाली निघून गेले. मी तशीच बसून राहिले. अकरा वर्षं हा माणूस रोज सकाळी सहाला बॅटरी घेऊन भावाची नाडी बघत होता, आणि मी त्याला कंजूष म्हणत होते. मला माझीच लाज वाटली.

पुढे काही आठवड्यांनी आयोगाचा निकाल आला. दरवाढ मंजूर. कंपनीने मागितलं त्यापेक्षा कमी, पण स्थिर आकार वाढलाच. अप्पांनी ती बातमी तीन वेळा वाचली आणि पेपर माझ्या हातात दिला. जणू मी वाचल्यावर ती बदलणार होती.

त्यानंतर रोज एकच धास्ती. गल्लीत कंपनीची गाडी दिसली, की अप्पा ओट्यावरून उठून उभे राहत. दादांनी मीटर काढून देण्याचा अर्ज केला का, हे विचारायचं कुणाला? पलीकडचा पंखा मात्र बंद झाला होता. त्याची घरघर ऐकू येत नव्हती. "एकेकच युनिट सरकून राहिलंय मॅडम," अप्पा म्हणायचे. "एवढ्या उकाड्यात माणूस पंख्याबिगर कसा झोपतोय?"

आणि एका सकाळी मी पहिल्या बॅचसाठी जिना उतरले, तर अप्पा फळीला हात टेकून उभे. बॅटरी तिसऱ्या मीटरवर.

"सरकलं न्हाई," ते म्हणाले. "कालपासून बिलकुल सरकलं न्हाई. काल खिडकीत उजेड नव्हता, म्हणलं त्यानंच बंद केला असंल. मॅडम, तुम्ही जा. मी गेलो तर तो दार उघडायचा न्हाई." 

मी गेले. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा मुठीने वाजवलं. मग कडी निघाली आणि दादा बनियनवर, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत दारात आले. घामाने भिजले होते, पण ठणठणीत होते. कोपऱ्यात कूलर होता, त्याच्यावर चादर घातलेली होती. छताला पिवळा बल्ब काळा पडून लटकत होता.

"काल सकाळी उडाला," दादा म्हणाले. "बाजारात तसला मिळंना आता."

"मग एलईडी लावायचा की."

"त्यानं मीटर सरकतंय कुठं? शंभरचा असला तर दहा तासाला युनिट पडतंय. दर वाढला म्हणून पंखा बंद केला, पर बल्ब कसा बंद करू? पलीकडच्याला सकाळी कायतरी सरकलेलं दिसाया नगं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मिस्त्रीचा भाऊ हाय मी. रोज सहाला बॅटरी कुणाच्या मीटरवर फिरती, मला कळत न्हाई व्हय?"

"आणि मीटर काढून देणार होतात ते?"

"रागात बोललो. काढून दिलं तर तो उठून बघंल काय?"

मी परत आले आणि अप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते लगेच वळले. आत गेले. माळ्यावर खडखड झाली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला शंभरचा पिवळा बल्ब होता. घरात एलईडी लावले तेव्हा काढून ठेवलेल्यांपैकी. अप्पा काही म्हणजे काही टाकत नाहीत.

"हा नेऊन द्या त्याला."

"अप्पा, मला क्लासला उशीर झालाय. आणि मला स्टुलावर चढता येत नाही." यातलं पहिलं खरं होतं.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग धोतर सावरून निघाले. मी जिन्यातच थांबले. माझी पहिली बॅच त्या दिवशी बुडाली, पण मला ते ऐकायचंच होतं. पलीकडची कडी वाजली, स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य आलं. अप्पा म्हणाले, "स्टूल नीट धर." आणि दादा म्हणाले, "धरलंय."

दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. खाली आले तेव्हा अंगणात चांगलं ऊन पडलं होतं. पलीकडच्या खिडकीत पिवळा बल्ब जळत होता, आणि पंख्याची घरघरही येत होती. अप्पा अजून फळीसमोरच होते.

"कसं काय अप्पा, बरं आहे ना?"

"दोन हजार एकशे चार," ते म्हणाले. हा आकडा त्यांचा नव्हता, माझाही नव्हता. "दोननं सरकलं."

मला खोडी काढल्याशिवाय राहवेना. मी खिडकीकडे बोट दाखवलं. "अप्पा, एवढ्या उन्हात ते कुणासाठी जळून राहिलंय?"

अप्पांनी बॅटरी बंद केली आणि तिकडे बघितलं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले.